कळलावी कुंडीत कशी लावावी, आणि तिच्या कंदात नेमकं काय असतं

श्रावणात कोल्हापुरातून पन्हाळ्याला निघालात आणि वाघबीळ मागं पडलं, की गाडीचा वेग थोडा कमी करा. रस्त्याकडेच्या घाणेरीच्या आणि करवंदीच्या जाळ्यांतून लाल-पिवळ्या ज्योती वर आलेल्या दिसतील. सहा पाकळ्या, सगळ्या उलट्या वर वळलेल्या, कडा कुरडईसारख्या मुरडलेल्या. खालचा भाग पिवळा, वरचा तांबडाभडक. ही कळलावी. गगनबावडा, आंबा, राधानगरी या सगळ्या पट्ट्यात ती पावसाळ्यात आपली आपण उगवते आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत ऐन बहरात असते.

फूल इतकं देखणं, तरी शहरातल्या बागांत ते क्वचितच दिसतं. माझ्या गच्चीवर कळलावी पहिल्यांदा फुलली तेव्हा शेजारच्या आक्का दोरीवरचे कपडे काढायला वर आल्या होत्या. फूल बघून त्यांनी कौतुकानं हात पुढं केला, मी नाव सांगितलं आणि तो हात तसाच मागं गेला. "अगं बाई, ही कशाला लावलीस? घरात भांडणं लावती म्हणत्यात."

आक्कांनी ऐकलेलं खोटं नाही, फक्त शब्द सरकला आहे. कळ लावणं म्हणजे भांडण लावून देणं, हा अर्थ आपल्या तोंडात रुळलेला. या झाडाच्या नावातली कळ मात्र बाळंतकळा आहे. पूर्वी बाई अडली की कळा सुरू व्हाव्यात म्हणून कळलावीच्या कंदाचा लेप तिच्या ओटीपोटावर किंवा तळपायांवर लावत. संस्कृतातलं 'गर्भनुत', म्हणजे गर्भाला बाहेर ढकलणारी, हे नावही तेच सांगतं. दवाखाने जवळ आले, लेप बंद झाला, तो अर्थ लोक विसरले आणि भांडणाची कळ तेवढी नावाला चिकटून राहिली.

संस्कृतातलं दुसरं नाव मला जास्त आवडतं: लांगली, म्हणजे नांगरासारखी. कंद उकरून हातात घेतला की हे नाव का पडलं ते लगेच कळतं. बोटाएवढ्या जाडीचे दोन हात कोनात जोडलेले, एक लांब, एक आखूड, अगदी छोट्या नांगरासारखे. लावण कशी करायची, झाड दर वर्षी कुठून येतं आणि कुठं जातं, हे सगळं या आकारात दडलंय.

झाडाचं वर्ष

कळलावी लावून हरलेले लोक मी बरेच पाहिलेत. बहुतेकांची तक्रार एकच: "एक वर्ष छान आली, दिवाळीनंतर मेली." ती मेलेली नसते, झोपलेली असते. आपण तिला वर्षभर हिरव्या राहणाऱ्या जास्वंदीसारखी वागवतो आणि तिथंच घोटाळा होतो.

जूनमध्ये कंदाच्या टोकाला असलेला एकच डोळा फुटतो. लांब हाताच्या टोकाला एक, आखूड हाताच्या टोकाला एक, असे एका कंदाला फार तर दोन डोळे. बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात, म्हणून टोक मोडलं की तो हात वाया गेला. पहिल्या वर्षी एका रोपवाटिकेतून मला मिळालेल्या कंदाची दोन्ही टोकं मोडलेली होती. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. आषाढ सरेपर्यंत मी त्या कुंडीत रोज डोकावत होते. कंद विकत घेताना बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, टोकं पाहा.

कोंब वर आला की जुन्या कंदातला साठा वेलीच्या वाढीला लागतो. तो आकसत, सुरकुतत जातो आणि त्याच वेळी वेलीच्या बुडाशी नवा नांगर तयार होऊ लागतो. फुलं येऊन गेल्यावर पानं आणखी काही आठवडे हिरवी असतात. त्या दिवसांत ती जे अन्न करतात ते सगळं या नव्या कंदात उतरतं. म्हणून फुलं संपली म्हणून वेल कापू नका. पानं आपोआप पिवळी पडून वाळेपर्यंत थांबा. घाई केलीत तर पुढच्या वर्षी कंद बारीक निघतो, आणि बारीक कंद नुसती पानं देतो.

दिवाळीच्या मागंपुढं वेल वाळते. इथून मृगापर्यंत पाणी पूर्ण बंद. हिवाळ्यात ओली राहिलेली माती कळलावीचा घात करते, कंद कुजून लगदा होतो. आपल्याकडं दव गोठेल इतकी थंडी पडत नाही, त्यामुळं कोल्हापुरात कंद उकरायलाच हवा असं नाही. कुंडी आडवी करून जिन्याखाली, कोरड्या जागी ठेवली तरी पुरतं. फक्त मार्च ते मे या काळातल्या वळिवाकडं लक्ष ठेवा. एका संध्याकाळचा वळीव कुंडीत साचला आणि वर चार दिवस ऊन तापलं, तर कंद उबून जातो.

लावण

पंचगंगेकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी, पण कळलावीला ती एकटी चालत नाही. पाणी धरून ठेवते. डोंगरात ही वेल कुठं उगवते ते आठवा: उतारावर, मुरमाड तांबड्या मातीत, झुडपांच्या बुडाशी. तिथं पाऊस आपल्या शहराच्या कित्येक पट पडतो, पण पाणी थांबत नाही. तेच कुंडीत जमवायचं. मी निम्मी तांबडी माती घेते, उरलेल्या निम्म्यात जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारखं. साखर कारखान्याचं मळीखत मिळालं तर तेही चालतं, पण पूर्ण कुजलेलं हवं. ताजं असलं की तापतं.

कुंडी निदान बारा इंच खोल घ्या, कारण नवा कंद जुन्यापेक्षा खाली सरकतो. उथळ कुंडीत तो तळाला टेकून वाकडा होतो. कंद आडवा ठेवायचा, वर दोन-तीन इंच माती. दोन हातांचे दोन वेल हवे असतील तर कोनापाशी कापून वेगळे करता येतात. कापलेल्या तोंडाला राख लावून दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि मग लावा. हे करताना हातात मोजे घाला आणि नंतर साबणानं हात धुवा. घरात कोणी गरोदर असेल तर तिनं कंदाला हात लावू नये, आक्कांच्या पिढीचा हा दंडक आजही पाळण्यासारखाच आहे.

लावणीची वेळ रोहिणीचा शेवट किंवा मृगाची सुरुवात, म्हणजे जूनचा पहिला आठवडा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. न दिसला तर उकरून बघायचा मोह टाळा, कोंब अतिशय ठिसूळ असतो.

वेलीला आधार लागतो आणि तो बारीकच लागतो. कळलावीला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच लांबून घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळतं आणि समोर येईल त्याला धरतं. जाड बांबूला तिला वेढा घालता येत नाही. सुतळी, बारीक तार, मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा, तुरीच्या वाळक्या काट्या, असं काहीही चालतं. एकदा दोरीवर वाळत घातलेला पंचा संध्याकाळी काढायला गेले तर तो येईना. सकाळपासूनच्या वेळात एका पानानं पंच्याचा सुटलेला धागा धरून दोन वेढे घातले होते.

मुळं गार आणि शेंडा उन्हात, अशी जागा तिला मानवते. सकाळचं ऊन मिळणारी पूर्वेची कडा उत्तम. कुंडीच्या तोंडावर उसाच्या पाचटाचा थर टाकला की माती धुपत नाही. पाऊस नसेल त्या दिवसांत पाणी घाला, झड लागली की कुंडीचं भोक मोकळं आहे ना तेवढं बघा. कळ्या दिसू लागल्यावर एकदा पालाश जास्त असलेलं खत द्या, बाकी खतांचा मारा नको.

कीड फारशी नाही, पण एक आहे ती वेल दोन रात्रींत संपवते. काळी अळी, अंगावर पांढरे आणि शेंदरी ठिपके, दिसायला मोठी देखणी. ही एका पतंगाची अळी आहे, आणि तिला कळलावी आणि लिली ही दोनच खाद्यं खरी आवडीची. तुमच्याकडं लिलीच्या कुंड्या असतील तर तिथं आधी दिसेल. पानाच्या पाठीमागं अंड्यांचा पुंजका दिसला की ते पानच काढून टाका. अळ्या मोठ्या झाल्या असतील तर चिमट्यानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मी औषध फवारत नाही, कारण याच फुलांवर फुलपाखरं आणि शिंजीर येतात.

फूल नीट बघण्यासारखं आहे. कळी खाली मान घालून असते, उमलताना पाकळ्या मागं वळून वर जातात. आधी हिरवट, मग पिवळं-तांबडं, शेवटी संपूर्ण लाल, असे आठवडाभरात एकाच फुलाचे रंग बदलतात. त्यामुळं एका वेलीवर एकाच वेळी तीन रंगांची फुलं दिसतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरलेले असतात. स्त्रीकेसर मात्र बुडापाशीच काटकोनात वळून एका बाजूला जातं, जणू स्वतःच्याच परागांपासून तोंड फिरवून बसलंय. फुलपाखराच्या किंवा पक्ष्याच्या अंगाला लागून दुसऱ्या फुलाचे पराग यावेत म्हणून ही रचना. शहरात पाहुणे कमी, त्यामुळं शेंगा कमी धरतात. बी हवं असेल तर सकाळी मऊ ब्रशनं एका फुलाचे पराग दुसऱ्याच्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावा. बियांपासून वाढवलेल्या रोपाला फूल यायला मात्र तीन-चार वर्षं लागतात.

बी आणि कंदात काय आहे

हेच ब्रशचं काम तमिळनाडूत दिंडिगुल, करूर भागातले शेतकरी शेतभर, एकेका फुलावर करतात. कळलावी हे तमिळनाडूचं राज्यफूल, आणि तिथं ते नगदी पीकही आहे. फुलासाठी नाही, बियांसाठी. बियांत कोल्चिसिन नावाचं रसायन कंदापेक्षाही जास्त असतं. त्याच्याच कुळातल्या दुसऱ्या एका घटकापासून थायोकोल्चिकोसाइड बनवतात. कंबर आखडली म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळीच्या पाकिटावर हे नाव कदाचित तुम्ही वाचलंही असेल.

कोल्चिसिन पहिल्यांदा वेगळं केलं ते 1820 साली फ्रान्समध्ये, कळलावीच्याच नात्यातल्या एका युरोपीय फुलझाडातून. करणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पेलेतिए आणि काव्हाँतू, ज्यांनी त्याच वर्षी सिंकोनाच्या सालीतून क्विनाईन काढलं.

हे रसायन करतं काय, ते समजलं की औषध आणि विष या दोन्ही बाजू एकदम उलगडतात. आपल्या प्रत्येक पेशीत अतिसूक्ष्म दोर असतात. पेशीला लागतील तसे हे दोर ती वळते आणि काम झालं की उलगडून टाकते. दोन कामं महत्त्वाची. एक, पेशी एका जागेहून दुसरीकडं सरकते तेव्हा तिचा सांगाडा हे दोर सांभाळतात. दुसरं, एका पेशीच्या दोन होताना आतली गुणसूत्रं दोन्हीकडं ओढून वाटून द्यायची असतात, ती ओढाओढ याच दोरांनी होते. सुंभ वळताना मध्येच कुणी धाग्यांना गाठ मारून ठेवली तर पुढं पीळ बसत नाही. कोल्चिसिन तेच करतं, दोर ज्या कणांपासून वळले जातात त्या कणांनाच जाऊन चिकटतं.

आता गाऊट घ्या. रात्रीतून पायाचा अंगठा सुजून लाल होतो, चादरीचा स्पर्श सहन होत नाही. सांध्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे खडे साचलेले असतात आणि पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. सूज आणि आग ही त्या धावाधावीची. अगदी थोडं कोल्चिसिन दिलं तर या पेशींचे दोर ढिले पडतात, धावणं मंदावतं, सूज उतरते. गोळी फक्त अर्ध्या मिलिग्रॅमची असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2023 साली हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही याच अर्ध्या मिलिग्रॅमला मान्यता दिली.

पेशीची वाटणी थांबवण्याचा हा गुण शेतीतही कामाला आला. गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी दुभंगत नाही, म्हणजे एकाच पेशीत दुप्पट माल. 1937 साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लेकस्ली यांनी कोल्चिसिन वापरून वनस्पतींत हे घडवून दाखवलं. बिनबियांचं कलिंगड तयार करण्याची सुरुवात याच युक्तीनं होते.

मात्रा वाढली की हेच दोर जिथं रोज नव्या पेशी बनतात तिथं तुटतात. आतड्याचं अस्तर, हाडातला मगज, केसांची मुळं. म्हणून विषबाधेत आधी, काही तासांत, घसा जळतो आणि उलट्या-जुलाब होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रक्तातल्या पेशी घटतात, मूत्रपिंड, श्वास, सगळंच कोलमडू शकतं. जे यातून वाचतात त्यांचे केस एक-दोन आठवड्यांनी गळतात. उलट्या थांबल्या म्हणजे निभावलं, असं इथं नसतं.

मात्रेचा हिशेब बघा. दहा ग्रॅम ओल्या कंदात साधारण सहा मिलिग्रॅम कोल्चिसिन असल्याचा अंदाज दिला जातो. म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या एका तुकड्यात बारा गोळ्या. आणि कंद काही कारखान्यातली गोळी नव्हे. जमीन, हंगाम, कंदाचं वय, यानुसार प्रमाण बदलतं. म्हणून "वैद्य वापरतात, मग थोडं घेतलं तर काय होतंय" हा विचार मनात आणू नका. आयुर्वेदानं लांगलीला सात उपविषांत घातलंय: रुई, निवडुंग, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा. गोमूत्रात भिजवून शोधन, म्हणजे विषारीपणा कमी, केल्याखेरीज ती औषधात घेत नाहीत, आणि ते शोधन प्रशिक्षित वैद्याचं काम आहे, आपल्या ओट्यावरचं नाही. कळा आणण्यासाठी लेप, संधिवातासाठी काढा, जंतासाठी पूड, यांतलं काहीही घरी करू नका.

ही भीती मी ऐकीव सांगत नाही. तिसऱ्या वर्षी मी कंद उकरून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि तात्पुरते म्हणून स्वयंपाकघराच्या दारामागं ठेवले. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी उपासाच्या रताळ्यांची पाटी उपसली, त्यात ती पुडी सरकून गेलेली. मी ओट्याजवळ गेले तर त्या विळीवर बसलेल्या आणि हातात माझा कंद. "ही रताळी कसली गं अशी चिपाडासारखी?" एवढं विचारण्यापुरत्या त्या थांबल्या होत्या म्हणून बरं. सोललेला कंद पांढरा, गुळगुळीत, रताळ्यासारखाच दिसतो. त्या दिवसापासून आमच्याकडं कंद गच्चीवरच्या कुलपाच्या पेटीत असतात, कोरड्या वाळूत, आणि पेटीवर जाड अक्षरांत नाव.

शेंगांचंही तसंच. पिकलेली शेंग उकलते आणि आतून डाळिंबाच्या दाण्यांसारखं तांबडं बी दिसतं. घरात लहान मूल असेल तर शेंगा हिरव्या असतानाच काढून टाका, आणि कुंडी हाताला येणार नाही अशा उंचीवर ठेवा. गुराढोरांनाही वेल घालायची नाही.

कोणी चुकून खाल्लंच तर मीठ-पाणी पाजून उलट्या काढत बसू नका. त्रास सुरू व्हायची वाटही बघू नका. 108 ला फोन करा किंवा थेट मोठ्या दवाखान्यात, कोल्हापुरात असाल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात, न्या. सोबत वेलीचा किंवा कंदाचा तुकडा न्या आणि डॉक्टरांना "कळलावी, कोल्चिसिन" हे दोन शब्द सांगा. याला दवाखान्यात ठेवलेला हुकमी उतारा नाही. पहिल्या काही तासांत पोट रिकामं करणं आणि पुढचे दिवस शरीर सांभाळणं, उपचार एवढाच, म्हणून वेळ महत्त्वाची.

कंद आणायचा कुठून

डोंगरातून नको. औषधासाठी कंद उकरून उकरून बऱ्याच ठिकाणी ही वेल विरळ झाली आहे, आणि कंद काढला की त्या जागी मागं काही उरत नाही, कारण पुढच्या वर्षीची वेल त्याच कंदात असते. राधानगरी तर अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलणं गुन्हा ठरतो. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकांत कंद मिळतात, शोधायला थोडा वेळ द्यावा लागतो. ज्यांच्याकडं आधीपासून आहे त्यांच्याकडून घेणं सगळ्यांत चांगलं. एका कंदाचे दोन हात होतात, तेव्हा द्यायला त्यांच्याकडं असतोच.

मे सरत आला की मी पेटी उघडते आणि एकेका कंदाची वाळू झटकून टोक बघते. टोकाशी फिकट, टणक, किंचित फुगलेला डोळा दिसला की तो कंद तयार. मऊ लागला तर टाकून देते. मागच्या वर्षी पाच निघाले. त्यातला एक आक्कांनी मागून नेला. त्यांच्या दारातल्या जुईच्या मांडवाला त्यांनी सुतळ्या बांधून ठेवल्या आहेत.